झीलकऱ्यांच्या रांगेतली मेल्बा

१

परवा खोलीवर पाच-सहाजण बसलो होतो. चहा झाला होता, अंकाचा मजकूर चाळून झाला होता. एकाच्या मोबाइलवर मी जाझची एक रेकॉर्ड लावायला सांगितली. रँडी वेस्टनची ‘उहुरू आफ्रिका’. ढोल सुरू झाले, पितळी वाद्यं उठली, सगळे गप्प बसून ऐकायला लागले. संपल्यावर मी म्हणालो, संगीत वेस्टनचं, पण यातल्या प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते एका बाईने लिहिलंय. मेल्बा लिस्टन. काळी बाई. ट्रोम्बोन वाजवायची.

लगेच एक मित्र म्हणाला, ‘तिच्या स्वतःच्या रेकॉर्डी किती?’

मी म्हणालो, ‘एकटीच्या नावावर धड एकच.’

‘आणि सोलो?’

‘थोडे.’

‘मग कलावंत कसली रे? साथीला होती असं म्हण ना.’

हा मित्र आपलाच. मोर्च्यात पुढे असतो, वाचनही दांडगं. त्यामुळे त्याचा राग आला नाही, पण रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण ते त्याचं वाक्य नव्हतंच. ती प्रस्थापित समीक्षेची फूटपट्टी. कलावंत म्हणजे पुढे उभा राहणारा, ज्याच्या नावाचं पोस्टर लागतं तो. बाकीचे साथीला. ही फूटपट्टी कुणी बनवली, कुणाला मोजायला बनवली, हे न विचारता आपण ती उचलतो आणि आपल्याच माणसांच्या पाठीत घालतो.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव ऐकून आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. काळ्यांच्या कविता आपण वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, त्यांचे दाखले दिले. पण त्यांचं संगीत आपण फारसं ऐकलं नाही. ऐकलं तर दोन-चार मोठी नावं. त्या नावांच्या मागे जी रांग बसलेली असते तिच्याकडे कान दिला नाही. हा लेख त्या मागच्या रांगेतल्या एका बाईबद्दल आहे.

२

जाझमध्ये एक शब्द आहे, साइडमन. पुढारी नव्हे तो. आपल्याला हे समजायला अवघड नाही. पोवाड्यात शाहीर पुढे, झीलकरी मागे. शाहीर श्वास घ्यायला थांबतो तेव्हा पोवाडा खाली पडू देत नाही तो झीलकरी. सूर धरतो, ताल धरतो, जी जी करून शाहिराला पुढच्या ओळीवर ढकलतो. नाव शाहिराचं. साइडमन म्हणजे जाझमधला झीलकरी.

यात भावनेपेक्षा हिशोब महत्त्वाचा आहे. करार होतो तो पुढाऱ्याशी. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव येतं ते त्याचं. साइडमनला एका बैठकीची ठरलेली मजुरी मिळते आणि तो घरी जातो. रेकॉर्ड वीस वर्षं खपली, पन्नास वर्षं खपली, त्याचा त्याला सहसा छदाम नाही. अरेंजरचंही तसंच. अरेंजर म्हणजे चाल घेऊन तिचं वाद्यांमध्ये वाटप करणारा. इथे चार ट्रम्पेट, इथे नुसती बासरी, इथे सगळे गप्प. मुंबईच्या हिंदी सिनेमातही हेच चाललं. पोस्टरवर संगीत दिग्दर्शकाचं नाव ठळक, आणि वाद्यमेळ कागदावर उतरवणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर वादक सामान्य श्रोत्याला ठाऊकच नाहीत. अँथनी गोन्साल्विस हे नाव सगळ्या देशाला पाठ झालं ते १९७७ सालच्या एका सिनेमातल्या गाण्यामुळे. तेही प्यारेलाल त्यांचे शिष्य होते म्हणून. माणूस मात्र गाण्यातलं पात्रच वाटत राहिला.

मेल्बा लिस्टन साइडमनही होती आणि अरेंजरही. म्हणजे दोन्हीकडून मागे. त्यात काळी. त्यात बाई.

३

मेल्बाचा जन्म १९२६ चा, मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. सातेक वर्षांची असताना तिने ट्रोम्बोन बघितला आणि तोच पाहिजे म्हणून हट्ट धरला. हे वाद्य काय आहे ते आधी समजून घेऊ. ट्रम्पेटला दाबायच्या कळा असतात. ट्रोम्बोनला सरकती नळी असते. नळी पुढे-मागे सरकवायची, तिच्या सात जागा. प्रत्येक जागेला सूर अर्ध्या पायरीने खाली उतरतो. नळीवर कुठे खूण नाही, रेघ नाही. हाताने अंदाज घ्यायचा आणि कानाने खात्री करायची. सातव्या जागेला हात पुरा लांब करावा लागतो. सात वर्षांच्या पोरीचा हात तिथवर पोचणार कसा? ती मान एका बाजूला कलती करून, खांदा पुढे टाकून ती जागा गाठायची. मोठ्या माणसाच्या मापाचं वाद्य, आणि पोरगी त्या मापाशी झगडत शिकली. आठव्या वर्षी स्थानिक रेडिओवर तिने वाजवलं.

ट्रोम्बोनची जागा पहिल्यापासून मागचीच. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीवर बसून गावभर फिरायचे. ट्रोम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीवर बसवायचे, कारण त्याची नळी पुढे आली की दुसऱ्याच्या डोक्यात बसायची. तिथून त्या वादनाच्या एका पद्धतीलाच मागच्या फळीचं नाव पडलं. पण त्या फळीवरूनच तो सगळ्या बँडला खालून उचलून धरायचा. ट्रम्पेट चाल गातो, क्लॅरिनेट तिच्या भोवती नक्षी काढतो, आणि ट्रोम्बोन एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत दोघांना जोडतो. तो काढून टाका, बाकीचे हवेत लोंबकळतील.

१९३७ साली आईबरोबर मेल्बा लॉस एंजेलिसला आली. तिथे आल्मा हायटॉवर नावाच्या काळ्या शिक्षिकेने वस्तीतल्या पोरापोरींना वाद्यं शिकवून त्यांचा बँड उभा केला होता. मेल्बा त्यात घडली. १९४२ साली, सोळाव्या वर्षी, ती युनियनची सभासद झाली आणि लिंकन थिएटरच्या बँडमध्ये कामाला लागली. आता युनियन म्हणजे कामगारांची एकजूट असं आपण म्हणतो. लॉस एंजेलिसच्या वादकांच्या युनियनी दोन होत्या. गोऱ्यांची सत्तेचाळीस नंबरची, काळ्यांची सातशे सदुसष्ट नंबरची. दोन्ही एक झाल्या १९५३ साली. तोवर एकाच शहरात एकच वाद्य वाजवणारे दोन कामगार दोन वेगळ्या दारांतून मजुरी मागायला जात होते. पाणवठे फक्त आपल्याकडेच वेगळे होते असं कुणी समजू नये.

त्या थिएटरमध्ये रोज नवे खेळ, नवे गायक. कुणीतरी रातोरात वाद्यांचे कागद तयार करून द्यायला हवेत. पोरगी ते करू लागली. पुढे ट्रम्पेटवादक जेरल्ड विल्सनच्या बँडमध्ये गेली, तिथे हे काम आणखी पक्कं शिकली. १९४७ साली सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन याने तिला आपल्या रेकॉर्डिंगला बोलावलं. ‘मिस्चिव्हस लेडी’ हा त्यातला एक तुकडा. तो जरूर ऐका. तिचा सोलो छोटा आहे. आवाज गोल, दाणेदार, कुठेही आरडाओरडा नाही. पण बेतालपणे स्वतःला पुढे रेटणं तिच्या स्वभावात नव्हतं हे तिथेही कळतं. सोलो वाजवायला आपण घाबरायचो, कागदावर लिहायला जास्त आवडायचं, असं ती स्वतः सांगत असे.

इथे माझा मित्र म्हणेल, बघ, तिलाच पुढे यायचं नव्हतं. थांब, बाबा. पुढे आल्यावर काय होतं तेही बघू.

४

१९४९ च्या सुमारास मेल्बा डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये होती. त्या वेळी त्याच बँडमध्ये जॉन कोलट्रेन होता, पुढे जगाने ज्याला डोक्यावर घेतलं तो. त्याच वर्षी जेरल्ड विल्सनबरोबर ती बिली हॉलिडेच्या साथीला दक्षिणेच्या दौऱ्यावर गेली. बिली हॉलिडेसारखी गायिका, आणि दक्षिणेत प्रेक्षकच येईनात. दौरा फसला, पैसे संपले, वादक परमुलखात अडकले. दक्षिण म्हणजे जिथे काळ्याला हॉटेलात जेवण नाही, झोपायला खोली नाही, गोऱ्यांच्या नळाला तोंड लावायची सोय नाही. त्या दौऱ्याने मेल्बाचं मन मोडलं. घरी परतली आणि तिने ट्रोम्बोन पेटीत ठेवला. लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी धरली.

कोलट्रेनच्या बरोबरीने बसणारी वादक काही वर्षं फायली लावत बसली. हे तिचं एकटीचं नाही. आधुनिक ट्रोम्बोनचा बाप म्हणतात तो जे. जे. जॉन्सन १९५२ ते १९५४ एका कारखान्यात नकाशे तपासायच्या नोकरीवर होता. चरित्रकार अशा वर्षांना ‘विश्रांतीचा काळ’ म्हणतात. विश्रांती कसली? पोटाची मारामार ती. त्याच काळात मेल्बाने हॉलिवूडच्या सिनेमांत बारीकसारीक कामंही केली. ‘द टेन कमांडमेंट्स’ या १९५६ च्या सिनेमात ती हार्प घेऊन दिसते. जिच्या हातात ट्रोम्बोन शोभत होता तिला सिनेमावाल्यांनी शोभेचं तंतुवाद्य धरून उभं केलं. काळी बाई पडद्यावर चालेल, पण दासी म्हणून.

१९५६ साली डिझीने तिला परत बोलावलं. अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने त्याचा बँड परदेशी पाठवायचं ठरवलं होतं. अबादान, ढाका, कराची, दमास्कस, बैरूत, इस्तंबूल, बेलग्रेड, अथेन्स. पुढे दक्षिण अमेरिका. सरकारला जगाला दाखवायचं होतं की आमच्याकडे काळे-गोरे एकत्र वाजवतात. आणि ह्याच वर्षी, त्यांच्याच देशात माँटगोमेरी शहरात, बसमध्ये बसायच्या जागेसाठी काळी माणसं महिनोन् महिने पायी चालत होती. बहिष्कार डिसेंबर १९५५ ला सुरू झाला तो डिसेंबर १९५६ पर्यंत टिकला. म्हणजे बाहेर समतेचं प्रदर्शन, घरात बसच्या मागच्या बाकावरून भांडण. मेल्बा हे प्रदर्शन वाजवत फिरली. तिला ते कळत नव्हतं असं मी मानत नाही.

या बँडमधली एक हकिकत तिने सांगितली आहे, ती डिझीच्या आत्मचरित्रात छापून आली. ती तालमीला येण्याआधीच पुरुष वादक कुजबुजत होते, की एवढ्या लांबून, कॅलिफोर्नियाहून, एका बाईला कशाला बोलावलं? बोलण्यात शिवीही होती. डिझीने ते ऐकलं. तिला म्हणाला, तुझं काही लिहिलेलं आणलंयस का, वाट सगळ्यांना. कागद वाटले. दोन-चार मात्रा गेल्या आणि अख्खा बँड कोसळला. भल्याभल्यांना ते वाजवता येईना. तेव्हा डिझीने त्यांनाच ती शिवी परत केली. पुढे हेच गडी तिला आई म्हणायला लागले.

ही हकिकत लोक मजा म्हणून सांगतात. मला ती मजा वाटत नाही. पुरुष वादक पहिल्या दिवशी येतो तेव्हा त्याला असा पेपर द्यावा लागत नाही. आणि ‘आई’ होणं हे बरोबरीचं नातं नाही. आई म्हणजे बटण लावून दे, डोकं दुखतंय गोळी दे. बरोबरीचा कलावंत म्हणजे बरोबरीचा. शिवी आणि आई, या दोन शब्दांच्या मध्ये सहकारी नावाचा शब्द होता. तो तिला फार थोड्यांनी दिला. आणि यापुढचं तर आपण ऐकायची हिंमत केलीच पाहिजे. दौऱ्यांवर पुरुषांकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल मेल्बा उतारवयात मुलाखतीत उघड बोलली. गोऱ्यांच्या जुलमाखाली भरडलेल्या जमातीतही बाईला रात्री दाराला कडी लावूनच झोपावं लागत होतं. हे सांगितलं तर चळवळीला धक्का बसतो, असं म्हणणारे तिथेही होते, इथेही आहेत. धक्का सांगण्याने बसत नाही, करण्याने बसतो.

५

आता तिच्या कामाचं बोलू. नाहीतर लेख नुसता हालअपेष्टांचा होईल आणि मित्राचं म्हणणं तसंच राहील.

त्या १९५६ च्या बँडसाठी तिने ‘माय रेव्हरी’ हे गाणं बसवलं. मूळ चाल डबुसी या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोच्या तुकड्यावरून घेतलेली. बैठकीच्या खोलीतली नाजूक चाल. मेल्बा ती पितळी वाद्यांकडे देते. पितळ म्हणजे वरातीचा, मिरवणुकीचा, फौजेचा आवाज. तो आवाज ती इतका खाली, इतका एकमेकांत मिसळून आणते की चाल नाजूक राहते पण बैठकीची राहत नाही. हे करायला एकेका वादकाच्या फुप्फुसाचा अंदाज लागतो. मागच्या रांगेत बसून बारा वर्षं दुसऱ्यांचे श्वास ऐकले असतील, त्यालाच हे लिहिता येतं.

तिच्या नावाचा तो एकमेव अल्बम म्हणजे ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’. बोन म्हणजे वादकांच्या बोलीत ट्रोम्बोन. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९५८. स्वतःचा अल्बम मिळाल्यावर माणूस काय करील? स्वतःच वाजवील. हिने काय केलं, तर दुसरे ट्रोम्बोनवाले जमवले. बेनी ग्रीन, अल ग्रे, जिमी क्लीव्हलँड, स्लाइड हॅम्प्टन, सगळे त्या वाद्यातले तालेवार गडी. एरवी बँडच्या पोटात दडलेलं वाद्य तिने रांगच्या रांग पुढे आणून बसवलं. 

खरं सांगायचं तर हा अल्बम तिचं सर्वांत मोठं काम नव्हे. काही तुकडे चटपटीत आहेत आणि तेवढेच आहेत. कंपनीला खपेल असं काहीतरी हवं होतं हे जाणवतं. आपला माणूस म्हणून सगळंच थोर म्हणायची सवय वाईट. पण त्या अल्बममधून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुढारीपण हातात आल्यावर तिने पुढारीपणाची व्याख्याच बदलली. नाव तिचं, पण उजेड सगळ्या रांगेवर.

तिचं मोठं काम रँडी वेस्टनबरोबर झालं. वेस्टन ब्रुकलिनचा पियानोवाला, सहा फूट आठ इंचांचा गडी. बाप गार्व्हीच्या विचाराचा, आफ्रिकेकडे तोंड करून जगणारा. वेस्टन चाली बांधायचा, मेल्बा त्यांना वाद्यवृंदाचा देह द्यायची. १९५८ ला ‘लिटल नाइल्स’ झाला. आणि नोव्हेंबर १९६० मध्ये ‘उहुरू आफ्रिका’.

उहुरू म्हणजे स्वातंत्र्य, किस्वाहिली भाषेतला शब्द. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हे लोक जमले. शब्द लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीचे. गाणारे मार्था फ्लॉवर्स आणि ब्रॉक पीटर्स. ढोलावर नायजेरियाचा ओलातुंजी, क्यूबाचा कँडिडो, अमेरिकेचा मॅक्स रोच. वेगवेगळ्या बंदरांवर विकल्या गेलेल्या माणसांचे ढोल पुन्हा एका खोलीत. सुरुवात किस्वाहिलीतल्या निवेदनाने होते. आफ्रिकेला भाषाच नाहीत, नुसत्या बोली आहेत, असं म्हणणाऱ्या गोऱ्या पंडितांना ते उत्तर होतं. आपली बोली म्हणजे अशुद्ध भाषा, हे ऐकत वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता ऐकताना एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. इतके ढोल, वर चार ट्रम्पेट, तीन ट्रोम्बोन, सॅक्सोफोन, बासऱ्या, गिटार, दोन बास. याचा गोंगाट व्हायला काय लागतं? काहीच नाही. तो होत नाही, कारण मेल्बाने ढोलांना मध्ये जागा सोडली आहे. पितळी वाद्यं ढोलांवर बसत नाहीत. ती ढोलांना विचारतात आणि थांबतात. ‘आफ्रिकन लेडी’ या दुसऱ्या भागात गाणाऱ्या बाईच्या आवाजाखाली वाद्यं इतकी मऊ येतात की प्रत्येक शब्द मोकळा राहतो. शेवटच्या ‘कुचेझा ब्लूज’मध्ये सगळ्यांना एकदम सोडून दिलंय, तरी कुणी कुणाला तुडवत नाही. मेल्बाने त्या रेकॉर्डवर ट्रोम्बोन वाजवलेला नाही. तिचा एकही सोलो नाही. आणि तिच्याशिवाय त्यातली एक ओळही तशी वाजली नसती. आता लाव तुझी फूटपट्टी, दोस्ता.

१९६४ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने ही रेकॉर्ड बंद केली. सरकारला संगीतातलं काय कळतं? पण एवढं कळलं, की हे नुसतं करमणुकीचं नाही.

६

साइडमनच्या जगण्याचा आणखी एक प्रसंग सांगतो. १२ ऑक्टोबर १९६२. न्यूयॉर्कचं टाउन हॉल. चार्ल्स मिंगसचा मोठा कार्यक्रम. मिंगस म्हणजे काळ्यांच्या संगीतातला जळता निखारा, वर्णद्वेषावर थेट बोट ठेवणारा. आपल्याला आवडावा असाच माणूस. कागद तयार नव्हते. कार्यक्रम सुरू झाला तरी नकला उतरवणारे मंचावरच बसून लिहीत होते. त्या लिखापढीच्या कामात मेल्बाही होती. आणि या कार्यक्रमाच्या आधी मिंगसने आपल्याच बँडमधल्या जिमी नेपर या ट्रोम्बोनवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. आणखी लिहायला नेपर नाही म्हणाला म्हणून. दात मोडला. ट्रोम्बोन ओठांनी आणि दातांच्या आधाराने वाजतो. नेपरचे वरचे सूर गेले. प्रकरण कोर्टात गेलं, मिंगस दोषी ठरला.

नेपर गोरा होता. म्हणून कुणी म्हणेल, जाऊ दे, एका गोऱ्याचा दात. नाही. इथे रंगाचा हिशोब लावून चालणार नाही. पुढारी कितीही क्रांतिकारक असो, मागच्या रांगेतला माणूस आपल्या स्वप्नासाठी फुकट राबायला बांधलेला आहे असं त्याला वाटलं की ठोसा बसतोच. कधी तोंडावर, कधी हिशोबाच्या वहीत.

म्हणून मागच्या रांगेची आरती ओवाळायलाही माझा विरोध आहे. ‘निरपेक्ष सेवा’, ‘पडद्यामागचे हात’ असले गोड शब्द वापरून त्या माणसाला तिथेच ठेवायची सोय होते. मेल्बाच्या बाबतीत चोऱ्या दोन झाल्या. पहिली, तिला मागे ढकललं गेलं. दुसरी, मागे काही घडतच नाही असं ठरवलं गेलं. पहिली चोरी बाजाराने, रंगाने, पुरुषांनी केली. दुसरी समीक्षेने केली. सोलो मोजणारी समीक्षा पहिल्या चोरीवर शिक्का मारते. आणि मित्रा, तू नकळत त्या शिक्क्याला शाई पुरवलीस.

७

साठच्या दशकात मेल्बा दुसऱ्यांसाठी लिहीत राहिली. जॉनी ग्रिफिन, मिल्ट जॅक्सन, मोटाउन कंपनीचे गायक. १९७३ ते १९७९ ती जमैकात होती. किंग्स्टनच्या संगीत शाळेत पोरांना शिकवलं. ‘स्माइल ऑरेंज’ या १९७६ च्या जमैकन सिनेमाला संगीत दिलं. गोऱ्या प्रवाशांपुढे हसत राहावं लागणाऱ्या हॉटेलच्या वेटरची ती गोष्ट. तीही साथीदारांचीच म्हणायची.

अमेरिकेत परतून तिने स्वतःचा बँड काढला. १९८५ साली तिला पक्षाघाताचा झटका आला. खुर्चीला खिळली. ट्रोम्बोन वाजवणं संपलं. जी नळी गाठायला सातव्या वर्षी मान कलती केली होती, ती आता कायमची दूर गेली. १९८७ साली सरकारी कला संस्थेने तिला ‘जाझ मास्टर’ म्हणून गौरवलं. वाजवायचं बंद झाल्यावर मास्टर. आपल्याकडेही मानपत्रं अशीच येतात, माणूस खाटेला लागला की.

पण ती थांबली नाही. कॉम्प्युटरवर लिहायला शिकली. वेस्टनने पुन्हा तिच्याकडे काम आणलं. १९९१ मध्ये ‘द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स’ झाला, त्यात डिझी पाहुणा म्हणून वाजवून गेला. १९९३ मध्ये ‘व्होल्कॅनो ब्लूज’. या अल्बमच्या वेष्टनावर वेस्टनच्या जोडीने मेल्बाचं नाव आहे. ‘उहुरू आफ्रिका’नंतर बत्तीस-तेहतीस वर्षांनी. वेस्टनला याचं श्रेय द्यायला हवं, तो आयुष्यभर जाहीरपणे तिचं ऋण सांगत राहिला. पुढाऱ्यांना हे करता येतं. करायची इच्छा असावी लागते.

२३ एप्रिल १९९९ ला मेल्बा लॉस एंजेलिसमध्ये वारली. तिच्या हातचे कागद शिकागोच्या एका काळ्या संगीताच्या संशोधन केंद्रात जमा झाले. ते कागद हाच तिचा सोलो, असं लिहायचा मोह होतो. पण नको. सोलो हा शब्दच इथे नको. ते कागद म्हणजे पंधरा-वीस माणसांनी एकमेकांना न तुडवता एकत्र कसं वाजवायचं, याच्या सूचना आहेत. आपल्या चळवळीला आज सोलोची उणीव नाही. उणीव याच कागदांची आहे.

मित्राला हे सगळं वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आपल्या अंकावर संपादक म्हणून माझं नाव आहे. स्टेन्सिल कोण कापतं?’

मी म्हणालो, ‘तुझी बहीण. गेले सहा अंक.’

‘तिचं नाव कुठेय?’

नव्हतं. या अंकापासून पहिल्या पानावर आहे. पान उलटून बघा, आणि तुमच्या गावच्या शाखेत, तुमच्या जलशात, तुमच्या सभेच्या सतरंज्या घालणाऱ्यांत, कुणाचं नाव राहिलंय ते लिहून पाठवा.